ताण एकच, शरीरं निराळी

1915 च्या फेब्रुवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांचा लेख आला. फ्रान्समधल्या युद्धरुग्णालयात त्यांनी तपासलेल्या तीन सैनिकांची ती हकिकत होती. तिघांच्याही जवळ तोफगोळे फुटले होते. अंगावर म्हणावी अशी जखम नव्हती, पण नजर अधू झालेली, वास आणि चव गेलेली, मधल्या आठवणी पुसलेल्या. मायर्स यांनी या अवस्थेला ‘शेल शॉक’ म्हटलं आणि हा शब्द बघता बघता सगळ्या आघाडीवर पसरला.

सुरुवातीची समजूत अशी की स्फोटाच्या धक्क्याने मेंदूला इजा होत असावी. पण लवकरच असे सैनिक येऊ लागले जे कुठल्याही स्फोटाच्या आसपासही नव्हते. लष्कराची खरी पंचाईत मात्र वेगळी होती. एकाच खंदकात, एकाच भडिमाराखाली, तेच शिळं अन्न खाऊन महिनोन्‌महिने काढलेल्या माणसांपैकी एकाची वाचा बसत होती आणि दुसरा पाळी संपली की पत्ते कुटत बसत होता. युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश सैन्यात अशा रुग्णांची संख्या 80,000 च्या घरात गेली. वरिष्ठांच्या लेखी याला दोनच उत्तरं होती: एकतर माणूस आजारी, नाहीतर भित्रा. पळून जाणं, भ्याडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश आणि साम्राज्याच्या सैन्यातल्या ज्या 306 जणांना आपल्याच बाजूच्या गोळ्या खाव्या लागल्या, त्यांना ब्रिटिश सरकारने माफी दिली ती 2006 मध्ये. त्यांच्यातले कितीजण आजारी होते, हे आता कोण सांगणार!

या दोन उत्तरांपलीकडे तिसरीही एक शक्यता होती. दोन माणसांची शरीरंच धोक्याला वेगवेगळा प्रतिसाद देत असतील तर? हा प्रश्न नीट विचारायला विज्ञानाला पुढे अर्धं शतक लागलं. त्याचं एक कारण असं की ताणाचं विज्ञान ज्यांनी उभं केलं, त्यांना फरकांत रसच नव्हता. ते शोधत होते ते सगळ्यांत सारखं असलेलं काहीतरी.

हान्स सेल्ये हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. जन्म 1907 चा, व्हिएन्नातला. वैद्यकीय शिक्षण प्रागमध्ये. विद्यार्थी असताना प्राध्यापक एकामागून एक रुग्ण समोर आणत आणि प्रत्येकाच्या रोगाची खास लक्षणं दाखवत. सेल्ये यांचं लक्ष भलतीकडेच गेलं. रोग कुठलाही असो, सगळेच रुग्ण मलूल, भूक मेलेले, अंग दुखतंय म्हणणारे होते. प्राध्यापकांच्या दृष्टीने यात सांगण्यासारखं काही नव्हतं. सेल्ये यांच्या डोक्यात ते राहून गेलं.

दहाएक वर्षांनी ते मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात होते आणि गायींच्या बीजांडकोशांच्या अर्कातून नवं संप्रेरक सापडेल या आशेने उंदरांना तो अर्क टोचत होते. चिरफाड केली की तीन गोष्टी हमखास दिसत: मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली आणि जठरात व्रण. नवं संप्रेरक सापडलं, या आनंदात असतानाच दुसऱ्या अवयवांच्या अर्कांनीही तेच होतंय असं दिसलं. मग त्यांनी चक्क फॉर्मेलिन टोचून पाहिलं. परिणाम तोच, उलट जास्तच. संप्रेरकाचं स्वप्न तिथे संपलं. पण प्रागमधली ती जुनी शंका वर आली. उंदरांना कॅनडाच्या थंडीत ठेवलं, पळवून पळवून दमवलं, तरी तीच तीन चिन्हं. 4 जुलै 1936 च्या ‘नेचर’मध्ये त्यांचं पानभराचंही नसलेलं टिपण आलं. इजा कशानेही होवो, शरीराची पहिली प्रतिक्रिया एकच असते, हा त्याचा गाभा. ‘स्ट्रेस’ हा शब्द त्यांनी पुढे वापरायला सुरुवात केली आणि 1956 मधल्या पुस्तकाने तो घराघरांत नेला.

फरक सेल्ये यांना दिसत नव्हते असं नाही. आनुवंशिकता, आहार, आधीचे अनुभव यांमुळे कुणाचं जठर बिघडेल तर कुणाचं हृदय, हे त्यांनी लिहिलेलं आहे. पण त्यांच्या मांडणीत या गोष्टी समासातल्या टिपांसारख्या राहिल्या. सर्वांना लागू पडणारा नियम सापडलेला माणूस अपवादांच्या वह्या सहसा उघडत नाही.

पहिली फट पडली ती कुणाच्या ध्यानीमनी नसताना. सेमूर लेव्हिन या अमेरिकन संशोधकांना लहानपणीच्या त्रासाने प्राणी मोठेपणी कसे बिघडतात, हे पाहायचं होतं. उंदराची काही पिल्लं रोज काही मिनिटं आईपासून उचलून बाजूला ठेवायची आणि परत नेऊन सोडायची. बाकीच्यांना बोटही लावायचं नाही. अपेक्षा अशी की रोज उचललेली पिल्लं घाबरट निघतील. झालं उलटंच. 1957 मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: सुखात वाढलेल्या पिल्लांच्याच अधिवृक्क ग्रंथी मोठेपणी ताणाखाली जास्त वाढल्या, आणि रोज हाताळलेली पिल्लं धीट निघाली. म्हणजे प्रतिसादाची धाटणी जन्मानंतर, अगदी कोवळ्या दिवसांत घडू शकते. हे नेमकं कशामुळे होतं, याचं उत्तर यायला आणखी चाळीस वर्षं जायची होती.

त्याच सुमारास वॉशिंग्टनमधल्या वॉल्टर रीड या लष्करी संशोधन संस्थेत जॉन मेसन हे शास्त्रज्ञ कामाला लागले होते. या सगळ्या कथेत मला सर्वांत आवडणारा माणूस हाच, आणि तोच सर्वांत कमी प्रसिद्ध. मेसन यांच्या हाती एक हत्यार होतं जे 1936 मध्ये नव्हतं: ताणाची संप्रेरकं लघवीत किती उतरली हे अचूक मोजण्याची पद्धत. त्यांनी माकडांना उपाशी ठेवलं. संप्रेरक वाढलं. सेल्ये बरोबर, असं म्हणून कुणीही थांबलं असतं. मेसन थांबले नाहीत. शेजारच्या पिंजऱ्यातल्या माकडांना वेळेवर खायला मिळत होतं आणि उपाशी माकडं ते बघत आरडाओरडा करत होती, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी उपाशी माकडांना वेगळं ठेवलं आणि फळांच्या चवीच्या, पण पोषणमूल्य शून्य असलेल्या गोळ्या दिल्या. उपास तोच, पण संप्रेरक वाढलं नाही. म्हणजे ताण नुसत्या उपासाचा नव्हता. आपल्याला डावललं जातंय, या जाणिवेचा तो होता.

त्याच पद्धतीने माणसांवर झालेला एक अभ्यास आजही वाचताना अंगावर काटा येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जीवघेण्या आजारांच्या मुलांवर उपचार चालत. त्यांच्या आईवडिलांशी मानसोपचारतज्ज्ञांनी दीर्घ बोलणी केली आणि प्रत्येकाच्या संप्रेरकाची पातळी किती निघेल याचा अंदाज आधीच बांधला. 1964 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात अंदाज बरेचसे खरे ठरले. मुलाचं मरण समोर दिसत असूनही प्रत्येक पालकाची पातळी एकसारखी नव्हती. ज्याची त्याची एक ठरलेली पातळी होती. कुणी श्रद्धेने, कुणी कामात बुडवून घेऊन, कुणी वास्तव सरळ नाकारून स्वतःला सावरत होतं, आणि ज्याचं सावरणं पक्कं त्याची पातळी खाली.

मग आलं व्हिएतनाम. पीटर बोर्न, रॉबर्ट रोझ आणि मेसन यांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास विशेष दलाच्या एका छोट्या तुकडीवरचा. व्हिएतकाँगच्या मुलखात एकाकी पडलेला तळ, हल्ला होणार ही खबर, आणि अशा वेळी ही माणसं रोजची लघवी बाटल्यांत साठवून देतायत! विज्ञानासाठी माणसं काय काय करतात. आकडे आले ते असे: हल्ल्याचा धोका ज्या दिवशी सर्वाधिक होता, त्या दिवशी साध्या सैनिकांची पातळी चढण्याऐवजी उतरली. ते वाळूच्या गोण्या रचत होते, हत्यारं पुसत होते, हातांना काम होतं आणि आपल्या कौशल्यावर विश्वास. पातळी चढली ती तुकडीच्या प्रमुखाची आणि रेडिओ सांभाळणाऱ्याची. एकाला निर्णय घ्यायचे होते, दुसऱ्याच्या कानावर वरिष्ठांचे हुकूम सतत आदळत होते. धोका सगळ्यांना सारखाच होता.

1970 च्या दशकात मेसन आणि सेल्ये यांच्यात जाहीर वाद झाला. मेसन यांचं म्हणणं, सेल्ये यांना जी ‘सार्वत्रिक’ प्रतिक्रिया दिसली ती मुळात प्राणी घाबरल्याची, अस्वस्थ झाल्याची प्रतिक्रिया होती. प्रत्येक प्रयोगात भीती होतीच, म्हणून निकाल सारखा. सेल्ये शेवटपर्यंत आपल्या मतावर ठाम राहिले आणि 1982 मध्ये गेले. माझ्या मते हा वाद मेसन यांनी जिंकला, पण सामान्य माणसाच्या बोलण्यात आजही सेल्ये यांचाच ताण आहे: सगळ्यांना सारखा, कमी-जास्त मापाने मोजता येणारा.

यानंतरचा धक्काही मेसन यांच्याच प्रयोगशाळेतून आला. 1980 मध्ये आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, या निदानाला अमेरिकन मानसोपचारात अधिकृत जागा मिळाली. व्हिएतनामहून परतलेल्या, वर्षानुवर्षं झोपेतून दचकून उठणाऱ्या माजी सैनिकांच्या शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं असणार, असं सगळ्यांनाच वाटत होतं. मेसन यांनी 1986 मध्ये मोजलं तर ते इतर रुग्णांपेक्षा कमी! रेचल येहुदा यांनी 1990 मध्ये पुन्हा तपासलं, आणि त्यांनाही ते कमीच दिसलं.

हे समजून घ्यायला ही साखळी थोडक्यात सांगायला हवी. धोका दिसला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला निरोप देतो, ती अधिवृक्क ग्रंथीला, आणि रक्तात कॉर्टिसॉल उतरतं. हेच कॉर्टिसॉल परत मेंदूत जाऊन ‘आता पुरे’ असं सांगतं. गच्चीवरच्या टाकीत पाणी ठरावीक पातळीला आलं की बॉलकॉक नळ बंद करतो, तसं. येहुदा यांचा तर्क असा की या सैनिकांचा बॉलकॉक अतिसंवेदनशील झाला आहे. जरासं कॉर्टिसॉल आलं की पुरवठा बंद, पण ॲड्रेनलिनच्या कुटुंबातली रसायनं मात्र मोकाट. नंतरच्या काही अभ्यासांत कमी कॉर्टिसॉल दिसलं नाही, तेव्हा हा शेवटचा शब्द नव्हे. पण ‘ताण म्हणजे कॉर्टिसॉल जास्त’ हे समीकरण तिथे मोडलं ते मोडलंच.

आता प्रश्न उभा राहिला तो क्रमाचा. ही निराळी शरीरं युद्धाने घडवली, की ती आधीपासूनच निराळी होती? उत्तर देऊ शकणारी माणसं होती जुळे भाऊ. व्हिएतनामच्या काळात लष्करात असलेल्या 4,042 जुळ्या जोड्यांची माहिती 1993 मध्ये तपासली गेली. पीटीएसडीच्या लक्षणांमधल्या फरकाचा साधारण तिसरा हिस्सा आनुवंशिकतेकडे जातो, असं दिसलं. तिसरा हिस्सा, उरलेले दोन आयुष्याचे. त्यानंतर 2002 मध्ये मार्क गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी एकसारख्या जुळ्यांच्या मेंदूंच्या प्रतिमा घेतल्या. जोडीतला एक भाऊ लढाईवर गेलेला, दुसरा न गेलेला. पीटीएसडी झालेल्या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी आणि त्यांचे संदर्भ सांभाळणारा मेंदूचा भाग, लहान असतो हे आधीच माहीत होतं. युद्धाने तो झिजला असं मानलं जाई. पण लढाईवर न गेलेल्या भावाचाही तो लहानच निघाला. निदान काही प्रमाणात तरी तो फरक युद्धाआधीचा होता. मायर्स यांच्या काळात ज्यांना भित्रे म्हणून खांबाला बांधलं, त्यांच्याबद्दल हा निकाल काय सांगतो, ते वाचकाने ठरवावं.

इकडे लेव्हिन यांच्या पिल्लांचं कोडं सुटलं ते मॉन्ट्रियलमध्ये, सेल्ये यांच्याच मॅकगिलमध्ये. मायकेल मीनी यांच्या लक्षात आलं की उचलून परत ठेवलेल्या पिल्लांना आई जास्त चाटते. मग त्यांच्या गटाने पिल्लांना हात न लावता नुसत्या आयांवर नजर ठेवली. काही मायाळू, सतत चाटणाऱ्या, काही कोरड्या. 1997 च्या ‘सायन्स’मध्ये आलेला निष्कर्ष असा: भरपूर चाटलेल्या पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकाचे रिसेप्टर, म्हणजे ते ओळखून पकडणाऱ्या जागा, जास्त, म्हणून ताणाची प्रतिक्रिया माफक आणि लवकर थांबणारी. कोरड्या आईचं पिल्लू मायाळू आईकडे दत्तक दिलं तर ते तिच्यासारखं शांत निघालं. रक्ताच्या नात्यापेक्षा जीभ महत्त्वाची ठरली. 2004 मध्ये मीनी आणि मोशे झीफ यांनी पुढची पायरी दाखवली: कमी चाटलेल्या पिल्लांमध्ये त्या रिसेप्टरच्या जनुकाच्या नियंत्रक भागावर रासायनिक टिकल्या जास्त बसतात आणि जनुकाचं काम मंदावतं. 2009 मध्ये याच गटाला आत्महत्येने मरण पावलेल्या आणि लहानपणी अत्याचार सोसलेल्या माणसांच्या मेंदूतही तशाच खुणा दिसल्या. नमुने मोजकेच होते, प्रत्येक गटात 12. उंदरांइतकी स्वच्छ गोष्ट माणसांच्या बाबतीत सांगता येत नाही, आणि ‘आईने माया केली नाही म्हणून’ असा सोपा ठपका तर या संशोधनातून मुळीच काढू नये. उंदरीण कोरडी का होते, याची कारणं बहुधा तिच्या स्वतःच्या ताणात असतात, हेही याच मंडळींनी दाखवलं आहे.

एव्हाना वाचकांच्या लक्षात आलं असेल की या कथेतली माणसं बहुतेक सैनिक, म्हणजे पुरुषच आहेत. तो योगायोग नव्हे. 1995 पूर्वी ताणाच्या प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी स्त्रिया जेमतेम 17% होत्या, हे शेली टेलर यांनी 2000 मध्ये दाखवून दिलं. माणसामाणसांतला फरक शोधणाऱ्या शास्त्राने अर्ध्या मानवजातीला दाराबाहेर ठेवलं होतं.

याच काळात जनुकांचं वेड शिगेला पोचलं. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात 1972-73 मध्ये जन्मलेल्या 1,037 मुलांचा पाठपुरावा आजतागायत चालू आहे. त्यातल्या 847 जणांच्या नोंदींवरून ॲव्हशलोम कॅस्पी, टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी 2003 च्या ‘सायन्स’मध्ये लिहिलं: सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाची ने-आण सांभाळणाऱ्या जनुकाचं आखूड रूप ज्यांच्याकडे आहे, त्यांना आयुष्यातले आघात नैराश्याकडे जास्त ढकलतात; लांब रूपवाले तेवढ्याच आघातांतून तरून जातात. निसर्ग की संगोपन, हे जुनं भांडण एका लेखात मिटल्यासारखं वाटलं. वर्तमानपत्रांनी त्याला ‘नैराश्याचं जनुक’ करून टाकलं. शेकडो संशोधकांनी आपापली ‘उमेदवार’, म्हणजे संशयित, जनुकं धुंडाळायला घेतली.

2009 मध्ये 14 अभ्यास आणि 14,000 हून अधिक माणसांची माहिती एकत्र केली तेव्हा तो परिणाम दिसेना. बचावही झाले, मोजमाप ढिसाळ होतं, आघातांच्या व्याख्या वेगळ्या होत्या, अशी कारणं दिली गेली. पण 2018 मध्ये जवळपास 39,000 लोकांच्या माहितीवरही हाती फारसं काही लागलं नाही, आणि 2019 मध्ये नैराश्याच्या 18 गाजलेल्या उमेदवार जनुकांची मोठ्या प्रमाणावर तपासणी झाली तेव्हा ती सगळी इतर कुठल्याही जनुकांपेक्षा वेगळी ठरली नाहीत. पंधरा वर्षांची मेहनत, शेकडो लेख, किती पीएचड्या! ड्युनेडिनच्या अभ्यासाची मूळ नोंद खोटी नव्हती. चूक होती ती एका जनुकावर इतका भार टाकण्यात.

दरम्यान बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने 2002 मध्ये वेगळंच काही दाखवलं होतं. दीर्घ ताणाखाली उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडतात, पण भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डालामधल्या फांद्या फुटतात, वाढतात. म्हणजे ताणाखाली एकाच मेंदूचे दोन भाग दोन दिशांना जातात. मग दोन माणसांनी एकाच दिशेने जावं, ही अपेक्षा धरणंच भाबडेपणाचं होतं.

2024 मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये पीटीएसडीवरचा मोठा जनुकीय अभ्यास आला. बारा लाखांहून अधिक माणसं, आणि त्यातून सापडलेल्या जनुकीय जागा 95. प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. ‘सगळ्यांची सारखीच प्रतिक्रिया’ आणि ‘सगळ्याला एकच जनुक’ ही दोन्ही उत्तरं आता मागे पडली आहेत. उरली आहे ती गुंतागुंत: थोडं वारशाने आलेलं, थोडं पाळण्यातल्या दिवसांत बसलेलं, थोडं आधीच्या आघातांनी बदललेलं, आणि बरंचसं त्या क्षणी हातात काय आहे, सोबत कोण आहे यावर अवलंबून असलेलं. व्हिएतनाममधल्या तळावरच्या त्या सैनिकांच्या लघवीतले आकडे हेच सांगत होते.

तेव्हा तुमची लाळ घेऊन ‘ताण सोसण्याची क्षमता’ सांगणारा जनुकीय अहवाल कुणी विकायला आलं, तर पैसे देऊ नका. कोण मोडेल आणि कोण तरेल हे आधीच सांगणारी रक्ताची किंवा लाळेची खात्रीशीर चाचणी आज जगात कुठेही नाही.